भिजलेला बार मेलेला नसतो

माण-खटाव, आटपाडी, जत भागात उन्हाळ्यात जुन्या विहिरी खोल करायची लगबग सुरू झाली, की एक वाक्य हमखास कानावर येतं. "मागल्या खेपेचा एखादा बार उडाला नसंल, पण चार पावसाळं पाण्यात काढल्यात त्यानं. आता काय राहिलंय त्यात!" ऐकून ऐकून कान किटले.

अहो, पाण्यानं मरणारी दारू विहिरीत भरेल कोण? आपण सवयीनं 'जिलेटीन' म्हणतो, पण नायट्रोग्लिसरीनच्या त्या जुन्या कांड्यांवर भारतात 2004 पासून बंदी आहे. आताच्या कांडीत अमोनियम नायट्रेटचं स्लरी किंवा इमल्शन असतं, आणि ते ओल्या भोकात टिकावं म्हणूनच बनवलेलं असतं. वर्षानुवर्षं पडून कांडी सुस्त होईलही. पण तिच्यात खोचलेली केप, म्हणजे डिटोनेटर? ती बंद तोंडाची धातूची नळी. आत लेड अझाइडसारखं टोला न सोसणारं रसायन आणि त्याखाली पीईटीएन हे स्फोटक. पहारीचा घाव, ड्रिलचा रॉड, पोकलेनचा दात, काहीही तिला पुरतं.

जुनं म्हणजे निकामी वाटत असेल, तर पुलगाव आठवा. 20 नोव्हेंबर 2018 ला वर्धा जिल्ह्यातल्या तिथल्या लष्करी भांडाराच्या हद्दीत दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले. जुना झाला म्हणूनच तो नष्ट करायला काढला होता.

"आम्ही आवाज मोजतो," असंही सांगतात. वातीच्या काळात ते ठीक होतं. एकाच वेळी किंवा काही मिलिसेकंदांच्या फरकानं उडणारे बार कानानं मोजता येत नाहीत. भोकं उतरून बघावी लागतात, तीही धूर निवळल्यावर.

सगळ्यात घातक सवय म्हणजे जुन्या भोकाच्या बुडातच पुन्हा ड्रिल लावणं. भोक आयतं मिळतं, मजुरी वाचते. खाणींच्या 1961 च्या नियमावलीत याला सरळ मनाई आहे. न उडालेल्या बारापासून नवं भोक किमान 30 सेंटिमीटर दूर घ्यावं लागतं. विहीर खाण नसेल, खडक तोच आहे.

वायर तोडली की धोका संपला? नाही. वीज कडाडली तरी साधी इलेक्ट्रिक केप उडू शकते. तिच्यावर 1 एप्रिल 2025 पासून बंदी आली, पण आधी भरलेल्या भोकांना ती कोण सांगणार?

ठासलेलं उकरून काढू? मुळीच नको.

विहीर पाणी योजनेची असो की तुमची, खोल करण्याआधी मागचे बार कुणी भरले ते शोधा आणि परवानाधारक ब्लास्टरला दाखवा. गाळात रंगीत वायर किंवा कांडीचं वेष्टन दिसलं, तर यारी थांबवा, माणसं वर घ्या आणि 112 ला फोन करा.