पुरुषोत्तमचे दिवस

महाविद्यालयीन आयुष्याचा विषय निघाला की पुण्यातील विद्यार्थ्यांच्या एका विशिष्ट वर्गाला वर्गखोल्यांपेक्षा भरत नाट्य मंदिराची विंगच अधिक स्पष्ट आठवते. आणि याचे श्रेय जाते ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेकडे. डॉ. जब्बार पटेल यांच्यासारखे रंगकर्मी येथूनच पुढे आले, हे सर्वश्रुत आहे. परंतु रंगमंचावर ज्यांचे मुखदर्शन कधीच घडले नाही, ज्यांनी भर पावसात लेव्हल्स आणि फ्लॅट्स टेम्पोतून उतरवले, ठरलेल्या मुदतीत घड्याळाकडे पाहत नेपथ्य उभे केले आणि नखांतला रंग निघण्यापूर्वीच हजेरी कमी भरल्याबद्दल दफ्तरी माफीचे अर्ज खरडले, अशा माझ्यासारख्यांची संख्या नामवंतांहून कितीतरी मोठी असावी.

सारेच दिवस रम्य होते, असे मात्र मी म्हणणार नाही. भूमिका कोणाच्या वाट्याला यावी यावरून तुटलेली मैत्री काही केल्या पूर्ववत झाली नाही, आणि ‘आवाज कुणाचा’ या आरोळ्यांच्या कल्लोळात प्रतिस्पर्ध्याची उत्तम एकांकिका आम्ही मोकळ्या मनाने पाहिलीही नाही.

२०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका मुख्य करंडकास पात्र मानली नाही, तेव्हा बराच गदारोळ झाला. निर्णय कठोर होता खरा. पण माझ्या मते स्पर्धेची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही, त्यांनी निदान एक प्राथमिक फेरी तिकीट काढून अवश्य पाहावी.