अवधाण

लहानपणी वडूजला येरळेच्या काठानं अनवाणी हिंडताना पायात बाभळीचा काटा मोडला, की एक-दोन दिवसांत जांघेत सुपारीएवढी गाठ यायची. आजी ती चाचपून म्हणायची, "अवधाण आलंय. गाठीकडं काय बघतोस, पाय दाखव!" दुखणं पायात आणि सूज जांघेत, हा संबंध तिला पक्का ठाऊक होता. तो जुळतो कसा, हे उलगडायला मात्र विसावं शतक सरत आलं.

काट्याबरोबर मातीतले जंतू कातडीत शिरतात. तिथं फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या काही पेशी असतात. १८६८ साली पॉल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं त्या पाहिल्या आणि त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात असं ठरवून टाकलं. पुढे १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोह्न यांना उंदराच्या पाणथरीत याच गोतातल्या पेशी सापडल्या. त्यांचं नाव डेंड्रायटिक पेशी. ही पेशी जंतू गिळते, पोटात त्याचे तुकडे करते आणि निवडक तुकडे आपल्याच एका रेणूवर बसवून पृष्ठभागावर मांडते. मग लसीकावाहिनीतून जांघेतल्या गाठीकडं निघते.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशीला अख्खा जंतू दिसतच नाही. १९७४ साली ऑस्ट्रेलियात पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी दाखवलं, की टी-पेशी परका तुकडा आणि तो धरणारा आपला रेणू, दोन्ही एकदम पारखते. १९८७ साली पामेला ब्यॉर्कमन आणि सहकाऱ्यांनी त्या रेणूची घडण क्ष-किरणांनी उलगडली. ऊस लावणाऱ्याला ती लगेच कळेल: दोन बाजूंना दोन वरंबे, मधे सरी, आणि सरीत तुकडा.

सरीचे प्रकार दोन. बाहेरून गिळलेल्या जंतूचे लांबट तुकडे दुसऱ्या वर्गाच्या रेणूवर बसतात आणि मदतनीस टी-पेशींना दाखवले जातात. विषाणू पेशीतच शिरून प्रथिनं बनवू लागला, तर त्यांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे आखूड तुकडे पहिल्या वर्गाच्या रेणूवर चढतात; ते पाहून मारेकरी टी-पेशी त्या पेशीलाच संपवते. पहिल्या वर्गाचा हा रेणू, म्हणजे तुकड्यांचा फलक, केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतो. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, फलकही नाही. हिवतापाच्या परजीवीला ती बिनघोर ओसरी मिळते.

आता गाठ. एखादा विशिष्ट तुकडा ओळखणारी टी-पेशी लाखात, कधी दहा लाखांत एक. अंगभर शोधत बसलं तर ती भेटायची कधी? म्हणून खटाव तालुक्यातली माणसं वडूजच्या बाजारात एकमेकांना गाठतात, तशा या पेशी गाठींमधून सतत फिरत असतात. डेंड्रायटिक पेशी पोचली, की गाठीतून बाहेर पडायच्या वाटा काही काळ बंद होतात. आलेल्या अडकतात, नव्या येतच राहतात, आणि जुळलेली पेशी पुढं भराभर विभागते. आजीचं अवधाण ते हेच.

नुसता तुकडा दाखवून भागत नाही. सोबत धोक्याची खूणही लागते. ती नसेल तर टी-पेशी उलट थंड पडते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं वेगळ्या केलेल्या करोना विषाणूपासून कोव्हॅक्सिन ही लस बनली. त्यात मारलेल्या विषाणूबरोबर अशी खूण करणारा पदार्थही मिसळलेला आहे.

प्लेगचा जंतू ही वाट जाणून असल्यासारखा वागतो. गिळणाऱ्या पेशींमध्ये तो तग धरतो, जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीत पोचतो आणि तिथंच माजतो. म्हणून तो गाठीचा ताप. वडूजच्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी पुण्यात गेल्या. त्याच्या दोनच महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी उष्णतेनं मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस स्वतःला टोचून घेतली होती. ती शरीरात नेमकं काय करते, हे सांगणारं तेव्हा कुणीच नव्हतं.

स्टाइनमन यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी आपल्याच डेंड्रायटिक पेशींपासून केलेले उपचार घेतले. ३० सप्टेंबर २०११ला ते गेले; तीन दिवसांनी नोबेल जाहीर झालं. त्या उपचारांनी त्यांचं आयुष्य किती वाढलं, हे एका माणसावरून ठरवता येत नाही, आणि हे त्यांनाच सर्वांत आधी पटलं असतं.

परवा घरातल्या तान्ह्याच्या डाव्या काखेत बारकी गाठ लागली. बीसीजी टोचून महिना झालेला, दंडावर फोड आलेला. सूनबाई घाबरली. अशी लहान गाठ बहुधा आपोआप जिरते. वाढली किंवा मऊ पडून पिकू लागली तर डॉक्टरांना दाखवायची, एवढं मी सांगितलं. "पण दंड सोडून काखेत कशी?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "अवधाण आलंय." शहरात वाढलेली ती, तिनं तो शब्द पहिल्यांदाच ऐकला.