अँटेना एका खोलीत, चित्र दुसऱ्या खोलीत

गोदाम एका पेठेत आणि दुकान दुसऱ्या पेठेत असले म्हणून व्यापार अडत नाही. माल जिथे सोयीने उतरतो तिथे उतरवावा आणि गिऱ्हाईक जिथे येते तिथे विकावा, ही आपल्या घराण्यांची जुनी रीत आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे सहा-सहा महिने राहावयास जाणाऱ्या आईवडिलांच्या खोलीत दूरचित्रवाणी कशी पोहोचवावी, हा प्रश्न आता अनेक कुटुंबांपुढे येतो. त्याचे उत्तरही या रीतीप्रमाणेच शोधता येते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढील काळात घरोघरी गच्चीवर अँटेना उभे राहिले. आज दूरदर्शनची जमिनीवरील जुनी प्रक्षेपण केंद्रे काही अपवाद वगळता बंद झाली आहेत. त्यामुळे अँटेना ही कालबाह्य वस्तू आहे, असा आपला समज होतो. अमेरिकेत मात्र तसे नाही. तेथील प्रमुख केंद्रांनी १२ जून २००९ रोजी जुने ॲनालॉग प्रक्षेपण थांबवून डिजिटल पद्धत स्वीकारली. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स आणि सार्वजनिक सेवेची पीबीएस ही जाळी बहुतेक शहरांत अँटेनावर आजही विनामूल्य दिसतात. मराठी-हिंदी कार्यक्रमांसाठी बहुधा इंटरनेटचाच आधार घ्यावा लागतो, हे खरे. परंतु मुलगा-सून कामावर आणि नातवंडे शाळेत गेल्यावर परक्या गावात दिवसभर घरी असणाऱ्या ज्येष्ठांना स्थानिक बातम्या, हिमवादळाचा इशारा किंवा पीबीएसवरील निसर्गपट पाहण्याची सोय असणे, ही लहान गोष्ट नव्हे.

अडचण असते ती घराच्या रचनेची. अँटेनाला प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेची खिडकी हवी असते आणि पाहुण्यांची खोली पुष्कळदा घराच्या मागील बाजूस वा तळघरात असते. काँक्रीट, विटा, पत्रा आणि धातूचा पातळ लेप दिलेल्या काचा यांतून येताना लहरी क्षीण होतात. पूर्वी लहरी क्षीण झाल्या की पडद्यावर मुंग्या येत, तरी चित्र ओळखू येई. डिजिटल पद्धतीत तशी मधली अवस्था फारशी राहत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ दिसते आणि त्याखाली गेले की चौकोन पडून ते थांबते. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडून केबल ओढण्यास घरमालक सहसा परवानगी देत नाही. म्हणून तारेविना मार्ग पाहावे लागतात.

पहिला मार्ग म्हणजे त्या खोलीत स्वतंत्र छोटा अँटेना लावणे. एफसीसी या तेथील सरकारी आयोगाच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता दिला असता कोणती केंद्रे कोणत्या दिशेला आहेत आणि त्यांचे संकेत किती सशक्त असतील, याचा अंदाज मिळतो. उदाहरणार्थ, न्यू जर्सीतील एडिसनहून न्यूयॉर्कचे मनोरे ईशान्येला आहेत. खोलीची खिडकी त्या बाजूस असेल, तर सर्वांत कमी खर्चात काम भागते. हा प्रयोग आधी करावा आणि जमले नाही तरच पुढील खर्चाचा विचार करावा.

दुसरा मार्ग बिनतारी एचडीएमआय संचाचा. बैठकीतील सेट-टॉप बॉक्सला प्रेषक आणि दुसऱ्या खोलीतील टीव्हीला ग्राहक जोडला की चित्र पोहोचते. मात्र उगम एकच असल्याने दोन्हीकडे एकच वाहिनी दिसते. बैठकीत नातू फुटबॉल पाहत असेल, तर आजोबांनाही तोच सामना पाहावा लागतो.

तिसरा मार्ग नेटवर्क ट्यूनरचा, आणि गोदामाचे तत्त्व येथेच लागू पडते. जिथे संकेत उत्तम मिळतो त्या खिडकीजवळ अँटेना ठेवावा आणि त्याची छोटी केबल ट्यूनर पेटीला जोडावी. ही पेटी राउटरला जोडली की आलेले चित्र घरातील वाय-फायवरून कोणत्याही खोलीत पाठवता येते. तेथे स्मार्ट टीव्हीवर, किंवा टीव्हीला जोडलेल्या छोट्या उपकरणावर, त्या पेटीचे ॲप उघडून वाहिनी निवडायची. एचडीहोमरन आणि टॅब्लो ही अशा पेट्यांची परिचित नावे आहेत.

खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. एक, पेटीत ट्यूनर किती आहेत. दोन ट्यूनर असतील तर एका वेळी दोन वेगळ्या वाहिन्या आणि चार असतील तर चार. दोन, वाय-फायची क्षमता. अमेरिकेच्या प्रचलित डिजिटल पद्धतीत एका प्रक्षेपण वाहिनीचा पूर्ण प्रवाह सेकंदाला सुमारे १९ मेगाबिट असतो. शेजारपाजारच्या राउटरांनी गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा ५ गिगाहर्ट्झ पट्टा त्यासाठी बरा. मात्र भिंतींपलीकडे त्याची पोहोच कमी असते. तीन, आपल्या टीव्हीवर त्या पेटीचे ॲप चालते की नाही. चार, एटीएससी ३.० ही नवी प्रक्षेपण पद्धत. तीत काही केंद्रे संकेत कुलूपबंद करतात आणि ते प्रत्येक पेटीला उघडता येत नाहीत. तूर्त नव्या पद्धतीसाठी अधिक दाम मोजण्याची घाई नको.

कायद्याची बाजूही आपल्याला ठाऊक असावी. आयोगाच्या १९९६ च्या नियमाने, आपल्या स्वतंत्र वापराच्या बाल्कनीत वा अंगणात टीव्हीचा अँटेना लावण्यास गृहसंस्थेला विनाकारण मनाई करता येत नाही. पुढे हा हक्क भाडेकरूंनाही मिळाला. सामाईक गच्ची आणि बाहेरच्या भिंतीत भोक पाडणे मात्र त्यात येत नाही. तसेच घरातल्या घरात चित्र नेणे वेगळे आणि त्याचा धंदा करणे वेगळे. एरिओ या कंपनीने ग्राहकांसाठी हजारो सूक्ष्म अँटेना लावून स्थानिक वाहिन्या मासिक वर्गणीवर इंटरनेटने पुरवल्या. २५ जून २०१४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरवले आणि कंपनीचा कारभार आटोपला.

राहिला हिशेब. केबलची वर्गणी हा दरमहा वाढणारा खर्च आहे, तर अँटेना आणि ट्यूनर ही बहुतांशी एकदाच करावयाची गुंतवणूक आहे. दोन्ही आकडे कागदावर शेजारी मांडून किती महिन्यांत पैसे वसूल होतात ते पाहावे. कार्यक्रम साठवून ठेवण्याची सोय वा मार्गदर्शिका यांसाठी काही पेट्या वेगळी वर्गणी घेतात, तीही त्यात धरावी.

शेवटी एक सूचना मुलांसाठी. यंत्र बसवून झाले की आईवडिलांना रिमोट हाती देऊन तीन-चार वेळा स्वतः वाहिनी लावू द्यावी आणि पायऱ्या मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवाव्यात. दुपारी घरात कोणी नसताना टीव्ही त्यांना कोणाची वाट न पाहता सुरू करता आला पाहिजे.