खळाळत्या पाण्याची ओळख



नदीकाठी राहणाऱ्या माणसाला नदी ठाऊक असते असे आपण धरून चालतो. पोहता आले म्हणजे पाणी कळले, अशीही आपली समजूत असते. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. संथ तळे लीलया पोहून जाणारा तरुण पावसाळ्यातल्या ओढ्यात कंबरभर पाण्यातही हतबल होतो. वाहते पाणी हा एक निराळाच विषय असून त्याचा अभ्यास निराळा करावा लागतो. हा अभ्यास ज्यांनी फार बारकाईने केला, त्यांत 'कयाक' नावाच्या चिमुकल्या होडीतून खळाळत्या नद्या उतरणाऱ्या लोकांची गणना करावी लागेल. त्यांचा खेळ सर्वांनी खेळावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांनी मिळवलेले ज्ञान मात्र नदीकाठच्या प्रत्येक मुलामुलीजवळ असले पाहिजे. म्हणून हा लेखप्रपंच.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करावा, त्यावर सीलचे कातडे ताणून बसवावे, आणि मध्ये एका माणसापुरते भोक ठेवावे, अशी तिची घडण. शिकारी त्या भोकात बसला की त्याचा कातडी अंगरखा भोकाच्या कडेला घट्ट बांधला जाई व होडीत थेंबभर पाणी शिरत नसे. होडी उलटली तर त्या बर्फासारख्या पाण्यात बाहेर पडणे म्हणजे मरणच. म्हणून आत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या आधाराने व कमरेच्या झटक्याने होडी पुन्हा सुलटी करण्याची युक्ती त्यांनी शोधली. ही युक्ती इन्युइटेतर माणसाने प्रथम साधली ती १९२७ मध्ये. तो ऑस्ट्रियाचा एडी हान्स पावलाटा होय. तत्पूर्वी, १९०७ मध्ये, योहान्नेस क्लेपर या जर्मन शिंप्याने घडी घालून आगगाडीतून नेता येणाऱ्या कयाकच्या रचनेचे हक्क विकत घेतले होते. त्यायोगे शहरी माणसे डोंगरातल्या नद्यांपर्यंत पोहोचू लागली. पुढे कातड्याची व कापडाची जागा काचतंतूंनी आणि १९७० च्या दशकात चिवट प्लॅस्टिकने घेतली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये या खेळाची शर्यत प्रथम झाली.

आता पाण्याकडे वळू. उताराच्या पाण्याला हे लोक 'पांढरे पाणी' म्हणतात. पाणी तर रंगहीन. मग ते पांढरे का दिसावे? खडकांवर आपटून त्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात व ते प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, म्हणून. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. फेसाळ पाण्यात हवा अधिक, म्हणजे ते हलके; आणि हलके पाणी माणसाला कमी उचलून धरते. संथ पाण्यात तरंगणारा मनुष्य फेसात अधिक खोल जातो.

नदीच्या पृष्ठभागावर जणू अक्षरे उमटलेली असतात. ती वाचता आली पाहिजेत. काठावरून पाहताना पाण्याची एखादी गुळगुळीत जीभ निमुळती होत खालच्या अंगाला गेलेली दिसते. ती दोन खडकांमधली मोकळी वाट होय. याउलट निमुळते टोक वरच्या अंगाला असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक दडला आहे असे समजावे. मोठ्या खडकाच्या पाठीमागे पाणी उलट फिरून खडकाकडे येते. त्याला 'एडी' म्हणतात. वाटसरूला जशी पाराची सावली, तशी कयाकवाल्याला ही एडी. तेथे थांबून तो पुढची वाट न्याहाळतो. प्रवाहात आडव्या पडलेल्या झाडाला मात्र तो फार भितो. चहाच्या गाळणीतून चहा जातो व पत्ती अडकते. त्याप्रमाणे फांद्यांतून पाणी निघून जाते आणि माणूस अडकून पडतो.

पाण्याच्या जोराचाही हिशेब आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे एक हजार किलोग्रॅम. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून वेगवान पाण्यात उभे राहण्याचा यत्न करू नये. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला, तर मागून येणारे पाणी माणसाला पुढे लोटून पाण्याखाली दाबून धरते, आणि गुडघ्याच्या थोडे वर असणारे पाणीही त्यास पुरते. वाहून जात असताना उताणे व्हावे, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने व पृष्ठभागाजवळ ठेवावेत, आणि हातांनी हळूहळू काठ गाठावा, ही या लोकांची पहिली शिकवण असते.

ही विद्या पुस्तकातून थोडी व सहवासातून पुष्कळ मिळते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात नँटाहाला नावाची डोंगरी नदी आहे. चेरोकी भाषेत या नावाचा अर्थ 'मध्यान्हीच्या सूर्याची भूमी' असा सांगतात. दरी इतकी खोल की ऊन तळाशी पोहोचायला दुपार व्हावी लागते. नदीवर १९४२ मध्ये धरण झाले. वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या थंडगार पाण्यावर तेथे होड्या चालतात. या नदीकाठी १९७२ मध्ये पेसन केनेडी, त्यांच्या पत्नी ऑरेलिया आणि होरेस होल्डन यांनी एका जुन्या पांथनिवासाच्या जागी होड्यांचे एक केंद्र उभारले. दुकान, खाणावळ व शिक्षणवर्ग असे त्याचे त्रिविध रूप. पुढे ते साऱ्या देशात नावारूपाला आले. त्या परिसरात सराव केलेल्या स्कॉट स्ट्रॉसबॉ यांनी जो जॅकोबी यांच्यासमवेत १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक पटकावले.

जगात अशी लहानमोठी दुकाने पुष्कळ आहेत. वल्ही, शिरस्त्राणे, तरंगणारी जाकिटे तेथे मिळतातच. परंतु खरा व्यवहार चालतो तो बोलण्याचा. आज नदीला पाणी किती, कालच्या पावसाने कोणते झाड आडवे पडले, नवख्याने कोठे उतरू नये, या वार्ता तेथे मिळतात. नद्यांच्या टप्प्यांची सोप्यापासून अतिकठीणपर्यंत अशी सहा इयत्तांत वर्गवारी केलेली असते. जुना जाणता मनुष्य नवशिक्याला खालच्या इयत्तेतून वर चढवतो, प्रसंगी "अजून नाही" असे स्पष्ट सांगतो. एकट्याने नदीत उतरू नये हा तेथला अलिखित कायदा. कठीण जागी एकजण पुढे जाऊन दोर घेऊन उभा राहतो, मगच दुसरा निघतो. ज्याला आपण साहस म्हणतो, त्यामागे शिस्त किती असते हे यावरून ध्यानात येईल.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण तसे नाही. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या रानात उगम पावून आपल्या सत्तरीत उतरणारी म्हादई, जिला पुढे मांडवी म्हणतात, तीही पावसाळ्यात पांढऱ्या पाण्याची नदी असते. २०१२ पासून तिच्यावर रबरी तराफ्यांतून सफरी निघतात. ते प्रवासी शिरस्त्राण व जाकीट घालून, वाटाड्याबरोबर जातात. आपण मात्र त्याच पाण्यात उघड्या अंगाने उड्या टाकतो. घाटावर पाऊस पडला की येथे आभाळ निरभ्र असतानाही नदी फुगते. पाणी एकाएकी गढुळले, पाने व काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, की क्षणभरही न रेंगाळता काठावर यावे.

सर्वांत फसवी जागा खळाळाची नव्हे, तर बंधाऱ्याची. बंधाऱ्यावरून पाणी रेशमी पडद्यासारखे पडते; पाहणाऱ्यास ते सुंदर व निरुपद्रवी वाटते. परंतु खाली पडलेले पाणी तळाशी जाऊन काही अंतरावर वर येते, आणि त्यातील काही भाग पृष्ठभागावरून उलटा भिंतीकडे परततो. त्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, खाली दाबला जातो, वर येतो व पुन्हा ओढला जातो. नैसर्गिक खडकांमध्ये कोठेतरी फट असते, सुटकेची वाट असते. बंधारा काठापासून काठापर्यंत सरळ व सारखा. तेथे वाट नसते. कयाकमध्ये जन्म घालवलेली माणसेही अशा जागी होडी खांद्यावर घेऊन काठाने चालत जातात. यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

अशा ठिकाणी कोणी सापडलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. एकाच्या जागी दोन जातात. काठावरून दोर, लांब बांबू, रिकामा डबा, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकावे आणि मोठ्या माणसांना हाका माराव्यात.

मित्रहो, नदी आपली आहे, आणि तिच्या काठचे बालपण हे भाग्यच होय. पण येत्या पावसाळ्यात पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर पाच मिनिटे उभे राहा. वाट कोठे आहे, दडलेला खडक कोठे आहे, विसाव्याची जागा कोठे आहे, हे एकमेकांना दाखवा. आणि ज्या दिवशी पाणी वाचता येणार नाही, त्या दिवशी काठावर बसूनच ते पाहा. ते तेथूनही तितकेच सुंदर दिसते.