जामीन शेजारणीचा

धरमतरच्या खाडीत एके काळी मुंबईच्या बोटी लागत. पेण, रोहा, महाडकडची माणसं इथून बोटीत चढत आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला लागत. बायकामुलं गावी, गडी चाळीतल्या एका खोलीत पंधरा-वीस जण. त्यांना जेवू घालायची ती शेजारची खाणावळवाली.

तिचा हिशोब कधी जुळायचा नाही. तिच्याकडे जेवणारे मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर, चूल मात्र रोज दोनदा पेटायची. तांदूळ, रॉकेल, मासळी, सगळं उधारीवर. वाण्याचं व्याज चढलं की मंगळसूत्र गहाण. एवढं करून कागदोपत्री ती घरीच बसलेली! मुंबईचा कापडधंदा ज्यांच्या चुलीवर चालला, त्यांची नोंद गिरणीच्या कुठल्याच वहीत नाही, हे मला फार लागतं.

गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अशा चौदा जणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबाला कर्ज मिळेल असं सांगितलं जात होतं. पण तारण कुठून आणायचं? बँक ऑफ बडोदाने प्रत्येकीला दीड हजार रुपये दिले ते एकमेकींच्या जामिनावर. कुणाचे मेंबर किती, कुणाचा नवरा पैसे काढून घेतो, हे चाळीला बँकेपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्या माहितीलाच मंडळाने तारण केलं.

वस्तीवर असाच भरवसा साधारण त्याच सुमारास दूर शिकागोतही कुणी टाकला. तिथल्या साउथ शोर भागात कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली, तशी तिथली बँक गाशा गुंडाळायला निघाली. १९७३ मध्ये काही बँकवाल्यांनी ती विकत घेतली आणि त्याच वस्तीला कर्जं दिली. २०१० मध्ये ती बंद पडली.

अन्नपूर्णावरही घाव आला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, मेंबर गावाकडे परतले, पाटावरची जागा रिकामी राहिली. मंडळ मोठ्या ऑर्डरींच्या स्वयंपाकाकडे वळलं. १९९३ पासून प्रेमाताईंच्या कन्या मेधाताई पुरव सामंत यांनी एकमेकींच्या जामिनावर कर्ज देण्याचं काम पुण्याच्या वस्त्यांत नेलं. तिथे दिसलं की हप्ता बहुधा आजारपणात थकतो. म्हणून २००३ पासून सभासद बायका वर्गणी काढून स्वतःचा आरोग्य निधी चालवतात.