फोन बंद करा, हायड्रोजन बोलतोय

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी कळवलं की ऐकताना आकडे निसटतात, लिहूनही द्या. म्हणून हा लेखी अवतार. बोलताना दर दोन वाक्यांनी 'म्हणजे बघा' म्हणालो होतो, ते जमेल तेवढं काढलंय.

तर गोष्ट खोडदची. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं, तिथून आत वळलं की खोडद. तिथे जीएमआरटी आहे, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, ती बघायला सगळ्यांना जाता येतं. मी गेलो तेव्हा पहिलीच सूचना मिळाली: फोन बंद करा. सायलेंट नाही, बंद. मला वाटलं सिक्युरिटीचं काहीतरी असेल. तसं नव्हतं.

हिशोब करून बघू. चंद्र आपल्यापासून साधारण ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. तिथे एक साधा २जी फोन ठेवला आणि तो पूर्ण ताकदीने टॉवर शोधत बसला, तर इथे पोचणारा त्याचा सिग्नल काहीशे जान्स्की भरतो. जान्स्की हे रेडिओ तेज मोजायचं एकक. (कार्ल जान्स्की हा बेल लॅब्जमधला इंजिनिअर. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता आणि आकाशगंगा सापडली. डीबगिंग असावं तर असं.) रेडिओ आकाशात काहीशे जान्स्कीच्या वस्तू मोजक्याच आहेत. आणि जीएमआरटी शोधते ते सिग्नल जान्स्कीच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपासचे असू शकतात. चंद्रावरच्या फोनची ही कथा, तर माझा फोन माझ्या खिशात होता.

आता यंत्राकडे येऊ. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. जवळ गेल्यावर पहिली गोष्ट खटकते ती ही की ताटली भरीव नाहीच, आरपार आकाश दिसतं. बारीक स्टीलच्या तारांची जाळी, दोरखंडांवर ताणून बसवलेली. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची, आणि पकडायच्या लहरींची लांबी वीस सेंटीमीटरच्या पुढे. लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, ती आरशावर आदळल्यासारखी परत फिरते. वारा मात्र आरपार जातो. वजन कमी, वाऱ्याचा दाब कमी, म्हणून खर्च कमी. स्वरूप सरांनी त्याआधी १९६५ च्या सुमारास आपल्या कल्याणला छोट्या ३२ ताटल्यांची दुर्बीण उभी केली होती, मग उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची. खोडद हा तिसरा डाव.

पण ४५ मीटरचीसुद्धा एकटी ताटली तशी अधूच. २१ सेंटीमीटरच्या लहरीत तिला पौर्णिमेचा चंद्र जेमतेम दीड-दोन ठिपक्यांएवढा दिसेल. बारकावा हवा तर ताटली मोठी हवी, आणि काही किलोमीटर व्यासाची ताटली कोणी बांधू शकत नाही. म्हणून १४ अँटेना मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत, उरलेल्या १६ इंग्रजी वायच्या आकाराच्या तीन हातांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. मग एवढ्या पसाऱ्याला एकच दुर्बीण कोण बनवतं? सॉफ्टवेअर. इथे मी खुर्चीत सरसावून बसलो.

आकाशातून आलेली एकच लहर प्रत्येक अँटेनावर वेगळ्या क्षणी पोचते. फरक फार तर मायक्रोसेकंदांचा, पण तो असतो. ऑप्टिकल फायबरमधून सगळे सिग्नल एका इमारतीत येतात, तिथे हा उशीर भरून काढतात, आणि मग प्रत्येक अँटेनाचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येकीच्या सिग्नलशी गुणतात. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. दोन ठिकाणी सारखं असेल ते गुणाकारात टिकतं, एकाच अँटेनाची खरखर सरासरीत विरते. त्यात पृथ्वी फिरते, म्हणून जोड्यांची दिशा तासातासाला बदलते आणि त्याच ४३५ जोड्या नवनवीन कोनांतून बघतात. शेवटी मिळणारा बारकावा असा, की दोन-अडीच किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं. अपग्रेडनंतर एका वेळी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेता येतो. ६० सिग्नल, प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी सॅम्पल, म्हणजे सेकंदाला ४,८०० कोटी आकडे. ते पचवायला जीपीयू. हो, गेमिंगवाले.

एवढं करून ऐकायचं काय? बऱ्याच गोष्टी, पण मला भिडला तो हायड्रोजन. हायड्रोजनचा सुटा अणू १,४२० मेगाहर्ट्झवर, २१ सेंटीमीटरच्या लहरीत, अगदी क्षीण कुजबुज करतो. ती ऐकली की ताऱ्यांचा कच्चा माल कुठे, किती, ते कळतं. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबून येणारी लहर वाटेत ताणली जाते. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर दुप्पट ताणून ७१० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आठवतोय? ५जीचा! तुमच्या रील्स आणि तो प्राचीन हायड्रोजन एकाच गल्लीत राहतात, आणि हायड्रोजनने स्पेक्ट्रमच्या लिलावात बोली लावलेली नाही.

एवढ्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा हायड्रोजन सहसा ऐकूच येत नाही. २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या आदित्य चौधरी, निस्सिम काणेकर आणि सहकाऱ्यांनी तो ऐकला कसा, ते भारी आहे. कुठली दीर्घिका कुठे, किती लांब, हे एका प्रकाशीय सर्वेक्षणातून आधीच माहीत होतं. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे सिग्नल आपापल्या ताणाप्रमाणे सरकवून एकावर एक रचले. खरखर एकमेकींना कापते, सिग्नल साचत जातो. वर्गमुळाच्या नियमाने खरखर सुमारे ८७ पट उतरली आणि कुजबुज वर आली. त्यातून कळलं की त्या काळच्या दीर्घिकांकडे हायड्रोजन भरपूर होता, पण त्या इतक्या वेगाने तारे घडवत होत्या की तो शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. नंतर विश्वात तारे जन्मायचा वेग का मंदावला, हा जुना प्रश्न होता. मोठं कारण हे दिसतं: टाकी रिकामी होत गेली आणि बाहेरून भर पुरेशी पडली नाही.

आता अवघड भाग, ज्यावर मला सगळ्यात जास्त मेसेज आले. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आधीचा मार्ग याच भागातून जात होता. जीएमआरटीला अडथळा नको म्हणून तो बदलायचं ठरलं. जुन्नर-मंचरकडचा एक मित्र मला म्हणाला, "तुमच्या हायड्रोजनसाठी आमची गाडी गेली की रे." याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. विजेच्या तारेवरची एक ठिणगीसुद्धा रुंद पट्ट्यात खरखर करते, आणि ३० अँटेना, त्यांचा पाया, फायबर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. डोंगरांच्या आडोशाची ही जागा शांत होती म्हणूनच निवडली गेली. मला विचाराल तर मार्ग बदलला ते बरोबरच झालं. पण त्या शांततेची किंमत एकट्या खोडद-नारायणगावच्या लोकांनी मोजायची, आणि आपण पुण्यात बसून ४,८०० कोटी आकड्यांवर खूश व्हायचं, हे काही बरोबर नाही. त्यांना रस्ता, बस, दुसरी काहीतरी सोय मिळायलाच हवी.

तीन जणांनी पल्सारबद्दल विचारलंय. तो विषय मोठा आहे, पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ.