पुंगळीचा आस आणि गोळीचा आस

वऱ्हाडच्या मुलखात, खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावी, बंदूक म्हटले की डोळ्यांपुढे येते ती रोही आणि रानडुकरांपासून कपाशी व तूर वाचवण्यासाठी शेतीरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची. तिच्या काडतुसातून छर्रे फेकले जातात, आणि छर्ऱ्यांना पसरण्यातच पुरुषार्थ असल्याने काडतूस केसभर वाकडे की सरळ, याची चौकशी कोणी करीत नाही. परंतु नांदुऱ्याला गाडीत बसून मलकापूर, बोदवड ओलांडले की जे वरणगाव लागते, तेथील आयुध निर्माणीत 1960च्या दशकापासून रायफलीची काडतुसे तयार होत आली आहेत; आणि रायफलीच्या काडतुसात, जेथे एकाच गोळीने एकच बिंदू गाठावयाचा असतो, तेथे या केसभर वाकडेपणाला निराळेच महत्त्व प्राप्त होते.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि मानेत घट्ट बसवलेली गोळी. गोळीचा आस आणि पुंगळीचा आस एकाच रेषेत असावेत, एवढीच अपेक्षा. तसे नसले तर गोळी नळीच्या पिळदार खाचांत तिरकी शिरते, तिचा गुरुत्वमध्य नळीच्या आसाभोवती घिरट्या घालतो, आणि सेकंदाला अडीच-तीन हजार फेरे घेणारी ती गोळी नळीच्या तोंडातून सुटताक्षणी, त्या वेळी गुरुत्वमध्य ज्या बाजूस असेल त्यानुसार, किंचित आडवी फेकली जाते. फ्रँकलिन मान या अमेरिकन डॉक्टराने गोळीच्या अशाच दोषांच्या परीक्षणात आयुष्याची कित्येक वर्षे वेचली आणि आपले निष्कर्ष 1909 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वैद्यकी करणाऱ्याला असला नाद लागावा, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

मापनाची रीत आयटीआयमधून बाहेर पडलेल्या कोणत्याही टर्नरला सांगावी लागणार नाही. लेथवर जॉब ‘आउट’ आहे की नाही हे तो जसे डायल लावून पाहतो, तसेच येथे काडतुसाची पुंगळी दोन आधारांवर आडवी ठेवून, मानेच्या जरा पुढे, गोळीच्या पोटावर डायल गेजचा काटा टेकवावयाचा आणि बोटाने काडतूस संथपणे पूर्ण एक फेरा फिरवावयाचे. काट्याच्या कमाल आणि किमान वाचनांतील फरक म्हणजे रनआउट. हा फरक आसांमधील प्रत्यक्ष अंतराच्या दुप्पट असतो, हे विसरणारे पुष्कळ. एकक हजारांश इंचाचे, म्हणजे वर्कशॉपातला ‘थाऊ’, मिलिमीटरात 0.0254. दोन-तीन थाऊपर्यंतचे काडतूस उत्तम समजतात. कारखान्याच्या सर्वसाधारण मालात चार-पाच किंवा त्याहून अधिकही आढळतो.

मात्र गोळीवर एकदाच वाचन घेऊन थांबणे म्हणजे ताप मोजून दुखणे न शोधणे होय. मान सरळ आणि गोळीच वाकडी, तर दोष गोळी बसवण्यात. मानच वाकडी, तर दोष त्याआधीचा. त्याचे मूळ कित्येकदा पितळेच्या जन्मापर्यंत पोचते. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांच्या पत्र्याची वाटी डायमधून पुनःपुन्हा ओढून लांबवली जाते. त्या वेळी पंच मध्यापासून जरासा ढळला, तर एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ होते आणि तो भेद मानेपर्यंत येतो. तथापि उडवलेली पुंगळी चांगल्या चेंबरच्या भिंतींना दाबली जाऊन बहुधा सरळच बाहेर येते. तिला वाकडी करतो तो रिकामी पुंगळी पुन्हा भरणारा माणूस: डायमध्ये मान गरजेपेक्षा अधिक आवळावयाची आणि मग आतून एक्सपांडरची गुंडी खेचून ती पुन्हा रुंद करावयाची, या ओढाताणीत मानेची जाडी असमान असेल तर ती एका बाजूस झुकते.

म्हणून जाणते लोक मानेची जाडी बॉल मायक्रोमीटरने मोजून, फरक एक-दीड थाऊच्या आत असलेल्याच पुंगळ्या निवडतात. गुंडी काढून टाकून, बदलत्या बुशिंगच्या डायने मान हवी तेवढीच आवळतात. रुंद करणे भागच असेल तर मँड्रेल तोंडाकडून आत ढकलतात. आणि गोळी अर्धी बसवून, काडतूस अर्धा फेरा फिरवून, मग पूर्ण बसवतात. मान बाहेरून तासून सारखी करण्याचा उपाय अधिक खर्चिक, आणि सैल चेंबरच्या रायफलीत बहुतांशी व्यर्थ, कारण तासलेली मान तेथे आणखीच मोकळी पडते. तयार काडतूस दाबून सरळ करण्याची हत्यारेही बाजारात मिळतात. मला ती रुचत नाहीत. गोळीवरील मानेची पकड त्याने असमान होते, आणि डायलवरचा आकडा मात्र देखणा दिसतो.

आपल्याकडे हा उद्योग घरच्या टेबलावर मांडता येत नाही. 1959च्या शस्त्र अधिनियमाने काडतुसांची निर्मिती परवान्याखाली आणली, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व ते बनवण्याची यंत्रसामग्रीही घातली. शिवाय आपल्या अनेक नेमबाजांचे यश ज्या .22 बोअरच्या रायफलीवर उभे आहे — 2010 साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत घ्या, किंवा 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्य मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे — तिच्या काडतुसाची टोपी बुडाच्या काठातच सामावलेली असल्याने ते पुन्हा भरण्याची सोयच नाही. तेथील नेमबाज निरनिराळे लॉट आपल्याच नळीतून उडवून पाहतात आणि उत्तम जुळेल तो साठवतात. दहाचे वर्तुळ अवघ्या 10.4 मिलिमीटर व्यासाचे असल्यावर दुसरे काय करणार?

आता हा सरळपणा निशाणावर किती दिसतो, याविषयी मोठ्या बोअरच्या अनुभवी नेमबाजांतही एकमत नाही. चार थाऊच्या आत काही फरक पडत नाही म्हणणारे आहेत, आणि एकेका थाऊचा हिशेब ठेवणारेही. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा 7.62च्या गोळीला तीनशे मीटरवर दहा-बारा सेंटिमीटर ढकलीत असता शेवटच्या अर्ध्या थाऊसाठी रात्र जागवणाऱ्याने आधी वारा वाचण्यास शिकावे, असे माझे मत. डायल गेजचा खरा उपयोग काडतुसांची प्रतवारी लावण्याहून अधिक, आपली कोणती डाय आणि कोणती कृती मान वाकवते ते हुडकण्यात आहे. ती एकदा सापडून दुरुस्त झाली की प्रत्येक काडतूस फिरवून पाहण्याचे प्रयोजनच फारसे उरत नाही.